मडक्यावरचा अंगठा

आजी, दहाव्या दिवशी कुंडलिकेच्या घाटावर कावळा लगेच शिवला.

पिंड ठेवून मी मागे सरलो तोच तो आला. कुणाला काही बोलायचे असेल तर बोला, असे भटजींनी म्हणायच्या आतच त्याने चोच घातली. आत्या डोळे पुसत म्हणाली, "सुटली माझी आई. कशात म्हणून जीव अडकला नव्हता तिचा." सगळ्यांना बरे वाटले. मी मात्र घरून निघताना एक वाक्य मनात घोळवत आलो होतो. कावळा अडेल, वेळ जाईल, माणसे एकमेकांकडे बघू लागतील, मग मी पुढे होईन आणि सर्वांसमक्ष ते वाक्य उच्चारीन, अशी माझी तयारी होती. तयारी हा फार धीट शब्द झाला. तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ती भीती अंगावर घ्यायला निघालो होतो. तू ती वेळच येऊ दिली नाहीस. माझ्याकडून तुला काही ऐकायचे उरलेच नव्हते की काय, या विचाराने त्या दिवशी मला घास गेला नाही.

आज तुला जाऊन बावीस दिवस झाले. ते वाक्य घाटावर राहून गेले, तेराव्यालाही राहून गेले. आता ते कुठे बोललो आणि त्यानंतर काय झाले, हे तुला सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

मी भित्रा होतो, हे तुझ्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि वडील नोकरीपायी बाहेरगावी; पुढे तेही गेले. जिते स्टेशनावरून अर्ध्या तासाच्या चालीवर आपले गाव, आणि त्या गावात माझे म्हणून जे काही होते ते तू होतीस. मला विहिरीची भीती वाटे, सांजवेळी गोठ्यातून येणाऱ्या आवाजाची वाटे, आणि सगळ्यांत जास्त आंब्याखालच्या शेतातल्या बुजगावण्याची वाटे. ते आहे म्हणून मी शेतात यायला तयार नसे. तू मला रागावली नाहीस. एके दिवशी माझा फाटका सदरा नेऊन त्याच्या अंगात घातलास आणि मला कडेवर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिलीस. म्हणालीस, "आता ह्यो तूच हायस. सोताला भितोस व्हय?" त्या दिवसापासून मी बुजगावण्याला भ्यायचा थांबलो. पण तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी आजवर दिलेले नाही.

भात कापून झाले की त्याच शेतात, जमिनीतल्या उरल्या ओलीवर, तू वाल टाकायचीस. पाऊस नाही, पाटाचे पाणी नाही, नुसती ओल आणि पहाटेचे दव. फाल्गुनात शेंगा वाळल्या की झोडपणी होई, आणि कुणाच्या तोंडी दाणा लागण्याआधी तू बियाण्याचे वाल निवडायला बसायचीस. चुलीतली राख जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळून घ्यायची, तिच्यात दाणे घोळायचे, मडक्यात भरायचे, वर कीड लागू नये म्हणून निगडीचा पाला, आणि मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपून टाकायचे. लिंपण ओले असतानाच तू माझा उजवा अंगठा धरून मधोमध दाबायचीस. मधे कुणी मडके उघडले आणि पुन्हा लिंपले तर तो ठसा जुळणार नाही, एवढेच त्यामागचे कारण. मला मात्र वाटे की त्या घरातल्या फार मोठ्या गोष्टीवर माझे नाव लागले आहे. पुढे कार्तिकात तेच लिंपण फोडायचे कामही माझे असे. ठशाचा तुकडा अखंड निघावा म्हणून मी जपून काढायचो आणि फळीवर ठेवायला बघायचो. तू तो माझ्या हातातून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "राखायचा नसतो रं तो. ढेकळात टाक."

तुझ्याशी माझे खरे भांडण एकदाच झाले, तेही त्याच शेतावरून. मी कॉलेजात शिकत होतो आणि नव्याने शहाणा झालो होतो. तू दरवर्षी बांधावरही वालाची एक ओळ टाकायचीस आणि तिच्या शेंगांना स्वतः हात लावायची नाहीस. त्या शेंगा नदीकडच्या वाडीतल्या सोमीबायच्या. सोमीबाय तुझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. लावणी असो, कापणी असो, ती तुझ्या शेजारी असायची. शेंगा भरल्या की तिची पोरे बांधावर टोळीने यायची. मी म्हणालो की आपण पेरायचे आणि त्यांनी तोडायचे, हा कुठला हिशोब. तू भात पाखडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पेरलं आपण? तू पेरलंस? तू शाळंत बसून अ आ गिरवायचास तवा ह्या शेतातलं गवत कोण काढायचं, जरा इचार तुझ्या पुस्तकाला." मी काहीतरी कायद्याचे बोललो. तू म्हणालीस, "बांध सोमीचा. मी दिलाय. तुझ्या कायद्याला कळव." त्यावर आपण चार दिवस बोललो नाही. मग तू भाकरीसोबत वालाच्या बिरड्याची वाटी माझ्यापुढे सरकवलीस आणि भांडण न मिटताच संपले. तुझे म्हणणे मला पटले असे मी तुला कधी सांगितले नाही. त्या वेळी ते पटलेही नव्हते.

आठ वर्षांपूर्वी तू अंगणात पडलीस, आणि मी तुला रोह्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या बिऱ्हाडी आणले. सुनिताने तुझे सगळे मनापासून केले. तू तिला "सुनिता गो" अशी हाक मारून गॅलरीत बसवून घ्यायचीस आणि आमच्या संसारातली व्यंगे मोजून दाखवायचीस. आमच्या घरात ऊनसुद्धा भाड्याने येते, असे तुझे म्हणणे होते. सकाळी आले, मुदत संपली, गेले. नळाच्या पाण्याने वालाला मोड येत नाहीत म्हणून तू नळाला नावे ठेवायचीस, आणि मोड आले की ते मुकाट्याने आले म्हणून वालाला. तू हसवत होतीस तेव्हा मला वाटे की तू रुळलीस. फक्त दर दोन-चार आठवड्यांनी विचारायचीस, "शेताकडं कोण बघतंय?"

कुणीच बघत नव्हते. वाट्याने करणारा माणूस थकला होता, दुसरा मिळाला नाही, आणि मी मनावर घेतले नाही. दोन पावसाळे शेत पडून राहिले. मग एक वीटभट्टीवाला आला. शेतातली वरची एक हातभर माती हवी, एकाच हंगामापुरती. पुढच्या पावसात गाळ येऊन शेत होते तसे होईल, असे त्याचे सांगणे. मला त्या वर्षी गरज होती. गरज कोणती, ते इथे लिहीत नाही. लिहिले की तेच कारण होऊन बसेल आणि मी त्याच्या आड उभा राहीन.

शेत तुझ्या नावावर होते. तू सही करत नव्हतीस, अंगठा लावायचीस.

आजी, मी कचेरीत तीस वर्षे नोकरी केली. किती म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मी माझ्या टेबलावर शाईत बुडवून घेतले असतील, आणि प्रत्येकाला कागद वाचून दाखवला. तो माझा नेम होता. माझ्याविषयी चार लोक बरे बोलत ते त्यामुळेच. त्या दुपारी तू गॅलरीत तांदूळ निवडत बसली होतीस. मी स्टॅम्पपॅड उघडले. तू विचारलेस, "कशाचा कागद?" मी म्हणालो, रेशनचा. तू म्हणालीस, "रेशनला येवढा मोठा?" मी म्हणालो, आता नियम बदलला. तू हात पदराला पुसलास, अंगठा माझ्या हाती दिलास आणि वर मलाच सांगितलेस, "नीट दाबून घे, नायतर परत पाठवतील तुला."

मी नीट दाबून घेतला.

एका हंगामाचे तीन झाले. एक हात मातीचा पुरुषभर खड्डा झाला. मी तो फार उशिरा पाहिला, कारण बघायला जायचे धैर्य नव्हते. आणि त्या पहिल्याच फाल्गुनात तू विचारलेस की आंब्याखाली वाल कसा आला. मी पेणच्या बाजारातून पिशवीभर वाल आणून तुझ्यापुढे ठेवले आणि म्हणालो, आपलेच. तू मूठभर घेतलेस, वास घेतलास, एक दाणा दाताखाली फोडलास. तू म्हणालीस, "बरा हाय." पिशवी सुनिताकडे दिलीस आणि बिरडे करायला सांगितलेस.

तसे पाच फाल्गुन गेले. दरवर्षी पिशवी, दरवर्षी मूठ, दरवर्षी "बरा हाय." एक गोष्ट मी पाहिली होती आणि पाहूनही स्वतःला ती कळू दिली नाही. त्या पिशवीतले वाल तू बियाण्यासाठी कधीच निवडले नाहीस. जी बाई दाणा शिजवण्याआधी बी बाजूला काढायची, तिने पाच वर्षांत एक दाणासुद्धा राखला नाही. मी मनाशी म्हणालो, वय झाले, विसरली.

तू गावी न्यायला सांगायचीस तेव्हा माझ्याकडे कारणे तयार असत. हायवे खणून ठेवला आहे, वडखळला गाड्या तीन तास अडतात, डॉक्टर नको म्हणतात. यातले प्रत्येक कारण कधी ना कधी खरे होते, म्हणून मला ते बोलताना अडखळावे लागत नसे. पण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुला पनवेलला न्यायचे ठरले, आणि तुला मोटार सोसत नव्हती म्हणून सुनिताला घेऊन आपण रोह्याहून सकाळच्या गाडीने निघालो. डबा जवळजवळ रिकामा होता. पेण गेले तशी तू खिडकीकडे सरकलीस. एका डोळ्याने धूसर दिसत होते तरी तू बाहेर बघत होतीस, आणि मी तुझ्याकडे बघत होतो. जित्याच्या अलीकडे, आपल्या गावच्या अंगाला, धुराचा एक दाट पट्टा आडवा पसरला होता. तू विचारलेस, "धूर कसला?" माझ्या तोंडून निघून गेले, डोलवीच्या कंपनीचा.

तू अगदी हळू म्हणालीस, "डोलवी मागं राह्यली, सदू."

गाडी जित्याला थांबली. ती तिथे मिनिटभर थांबते. तू खिडकीचा गज धरलास. तू आता उठशील, उतरू म्हणशील, आणि मग मला सगळे बोलावे लागेल, या भीतीने मी तुझ्या पिशवीचा बंद मुठीत आवळून बसलो. तू उठली नाहीस. गाडी सुटल्यावर गजावरचा हात काढून मांडीवर ठेवलास आणि सुनिताला विचारलेस, दवाखान्यात चहा मिळतो का.

तेव्हाच मला समजायला हवे होते. शेवटच्या आठवड्यात, तू अंथरुणावरून उठत नव्हतीस तेव्हा, मी पाण्याचा चमचा तुझ्या ओठांना लावत होतो आणि तू माझे मनगट धरलेस. "सदू, काय सांगायचं हाय काय तुला?" खोलीत आपण दोघेच होतो. बाहेर सुनिता भांडी लावत होती, त्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "नाही गं आजी, काय असणार." तू मनगट सोडलेस. म्हणालीस, "बरं. पंखा कमी कर."

तुझे माझ्याशी शेवटचे बोलणे ते.

तेराव्याला सोमीबाय आली. पंचाहत्तरीची बाई, एकटी गाडीने आली, तीन जिने चढली. सुनिता तिला आत बोलावत होती, पण ती दाराजवळच बसली. मांडीवर एक गाठोडे होते. ते खाली ठेव म्हटले तर ठेवीना. जेवली तीही एक हात गाठोड्यावर ठेवून. माणसे पांगत होती, आत्या आणि दोघे-तिघे पाहुणे अजून बसले होते, तेव्हा तिने सगळ्यांदेखत मला विचारले, "आंब्याखाली यंदा वाल टाकला का, बाबू?"

आजी, दहाव्याला जे वाक्य मी पाठ करून नेले होते ते अजून माझ्या तोंडाशी होते. आत्या माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणालो, "बघू. ओल आहे अजून."

सोमीबाय म्हणाली, "व्हय. ओल हाय अजून." गाठोडे उचलले, भिंतीला धरून उठली आणि निघून गेली.

पाहुणे गेल्यावर सुनिता माझ्यासमोर येऊन बसली. शेताचे तिला सुरुवातीपासून माहीत होते. आजींना सांगा, असे ती मला दोनदा म्हणाली होती; तिसऱ्यांदा म्हणाली नाही, आणि तेव्हापासून मी तिच्याही नजरेला थोडा भिऊनच होतो. तिने सांगितले की सोमीबाय गेली पाच-सहा वर्षे अधूनमधून तुला भेटायला येत असे, मी कचेरीत असताना. कधी करांदे घेऊन, कधी रानभाजी. तुम्ही दोघी गॅलरीचे दार लोटून बसायच्या. येणे तिला माहीत होते, बोलणे नाही. आज जिना उतरताना सोमीबायने तिला एवढेच सांगितले, की गाठोड्यात तुझे मडके आहे, ते माझ्यासाठी आहे, पण मी स्वतः खरे बोललो तरच द्यायचे असे तू बजावले आहेस. "म्हातारी म्हनली," सुनिताने तिचे शब्द तसेच्या तसे सांगितले, "त्याला माझं भ्या वाटतं. मी हाय तवर नाय बोलायचा. मी गेल्यावर बोलला तर दे."

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते सांगणे कठीण आहे. मी खोटे बोललो हे तुला माहीत होते, याचे भय एकीकडे होते. त्याहून मोठे भय हे, की तू मला मरणानंतरची एक संधी ठेवून गेली होतीस आणि तीही मी दाराजवळ, ताटाशेजारी, एका वाक्यात घालवली होती. कावळा लगेच का शिवला, ते मला तेव्हा उमगल्यासारखे वाटले. तुला घाटावर काही मागायचे नव्हते. तुझे मागणे तू सोमीबायच्या मांडीवर ठेवले होतेस.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी जित्याला उतरलो. वाडीकडे जाण्याआधी शेताकडे गेलो, कारण पाहिल्यावाचून बोललो असतो तर तेही अर्धेच झाले असते. शेत नाही, आजी. खाली हिरवट पाणी साचले आहे. तुझा आंबा मातीच्या एका ओट्यावर एकटा उभा आहे, मुळे उघडी पडली आहेत. चारी बाजूंचे बांध मात्र शिल्लक आहेत. बांधाची माती सैल असते, विटेला लागत नाही, म्हणून त्यांनी सोडली असावी. आणि पूर्वेच्या बांधावर, हातभर रुंदीच्या पट्टीवर, वालाची कोवळी रोपे ओळीने उभी होती. मी खाली बसलो. ती कुणी टाकली हे मला कळत होते, आणि कळू नये असेही वाटत होते.

सोमीबाय दारात काटक्या मोडत बसली होती. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो. म्हणालो, "सोमीबाय, आंब्याखाली आता वाल टाकता येणार नाही. तिथे शेत राहिलेले नाही. माती मी दिली. आजीचा अंगठा मी रेशनचा कागद म्हणून खोटे सांगून घेतला. आणि पाच वर्षे बाजारचे वाल आपले म्हणून तिला खाऊ घातले."

ती काटक्या मोडत राहिली. म्हणाली, "मला काय सांगतोस? माझ्याच पोरानं खणली ती माती. भट्टीवर जातो तो." थोड्या वेळाने म्हणाली, "पयल्याच साली मी येऊन सांगितलं तिला."

तू काय म्हणालीस, हे मी विचारले.

"काय नाय. बसून राह्यली. मंग इचारलं, बांध हाय का? म्हनलं, हाय. म्हनली, मंग मागलं बी जित्तं हाय माझ्या फळीवर, घराची किल्ली घे, मडकं काढ, बांधावर टाक. दरसाल टाक आनि दरसाल राख." सोमीबाय हसली, तिला समोरचे दोनच दात राहिले आहेत. "मी म्हनलं, सदूला दोन शिव्या तरी दे की गो. तर म्हनली, वराडले तर खोटं बोलायचं सोडनार नाय तो. चांगलं खोटं बोलाय शिकंल."

मग ती आत गेली आणि मडके घेऊन आली.

लिंपण सुकून भेगाळले होते. मधोमध एक ठसा होता, लहान, बारीक, कडेला जरा वाकलेला. सोमीबायने सांगितले की यंदाच्या शिमग्यानंतर ती मडके आणि ओल्या फडक्यात शेणमाती घेऊन रोह्याला आली होती. लिंपण तिने गॅलरीत बसून केले आणि अंगठा तू दाबलास. त्या दिवशी मी कचेरीत कुणाचा तरी कागद वाचून दाखवत असेन.

तुझ्या त्या अंगठ्याचा एक ठसा माझ्याकडे होता, कागदावर, शाईतला, आणि तो मी घेतलेला होता. हा तू दिलेला. बी हवे तर हा फोडावा लागणार होता. माझ्याने होईना. मी म्हणालो, असेच घरी नेतो, देवाजवळ ठेवतो. सोमीबायने माझ्याकडे असे बघितले की मला पुन्हा चार वर्षांचा झाल्यासारखे वाटले. म्हणाली, "देव पेरनार हाय काय? ओल चाललीय, बाबू. बांधावर पन्नास पावलं जागा ठिवलीय तुझ्यासाठी. म्हातारीनं सांगितलेली."

बांध सोमीचा, असे तू एकदा म्हणाली होतीस. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे ते भांडण मी त्या क्षणी हरलो. सोमीबायच्या बांधावर मला जागा मिळत होती, आणि ती तिने मला दिली.

आम्ही दोघे बांधावर गेलो. मी लिंपण फोडले. ठसा अखंड निघाला, तळहातावर मावेल एवढा. माझी बोटे मिटली. सोमीबाय काठीने भोके पाडत पुढे चालली होती, मागे न बघताच म्हणाली, "राखायचा नसतो तो. ढेकळात टाक." ते तुझे शब्द तिने तुझ्याकडूनच उचललेले असणार. मी मूठ उघडली, तुझा अंगठा बोटांनी कुस्करला आणि पहिल्या भोकाशी टाकला. मग राखेतून दाणे काढून एकेक टाकत गेलो. तिने दोनदा सांगितले की एका भोकात दोनच, तुला शिकवलं नाय का म्हातारीनं. शिकवले होते. मी विसरलो होतो.

त्याला आज सहा दिवस झाले. वालाला वर यायला एवढे दिवस पुरतात, जर ओल पुरली असेल तर. मी फार उशिरा टाकले. सोमीबायची ओळ तेव्हाच चार बोटे वर आली होती. आत्याला मी काल पेणला जाऊन सगळे सांगितले. ती रडली, मग मला नाही नाही ते बोलली, मग चहा केला. तेवढ्याने मोकळा झालो असे मला वाटत नाही. सकाळी जाग आली की पहिल्यांदा ती पन्नास पावलांची पट्टी डोळ्यांपुढे येते, आणि ती कोरडी दिसते. उगवले नसेल तर काय, याची भीती वाटते. उगवले असेल तर त्यानंतरचे आयुष्य मला त्या ओळीसमोर काढायचे आहे, त्याचीही वाटते. हे तुला सांगायला मला पाच-सहा वर्षे लागली आणि तुझे जाणे लागले. पण सांगतो आहे.

उद्या सकाळच्या गाडीने जित्याला उतरतो. काय दिसेल ते येऊन तुला सांगेन, जसे असेल तसे.